चरितार्थ

‘चरितार्थ’ या शब्दाचा मराठीत आता एकच अर्थ उरला आहे: पोटापाण्याची तजवीज. ‘त्याचा चरितार्थ शिकवण्यांवर चालतो’ असे आपण सहज बोलून जातो आणि त्यात काही विशेष घडले आहे असे आपल्याला वाटत नाही. हिंदीच्या मुलखात राहावयास आले म्हणजे मात्र कान टवकारतात. तेथे एखादी म्हण चरितार्थ होते, एखादे भाकीत चरितार्थ होते. चरितार्थ होणे म्हणजे प्रत्यक्षात उतरणे, सार्थ ठरणे. संस्कृतात ज्याचे प्रयोजन सिद्धीस गेले तो चरितार्थ. सांख्यांची प्रकृती पुरुषाचे प्रयोजन साधून देते, चरितार्थ होते आणि मग तिचा व्यापार थांबतो. प्रयोजनसिद्धीपासून वाण्याच्या उधारीपर्यंत हा शब्द मराठीत कसा उतरत आला, त्याचा इतिहास कोणा कोशकाराने एकदा लिहावा. ‘अर्थ’ या शब्दाच्या पोटात प्रयोजनही आहे आणि पैसाही आहे, त्यामुळे ही उतरण सोपी गेली असावी, एवढाच तर्क मला करता येतो.

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला आयुष्यभर जो एक प्रश्न विचारला जातो तो याच शब्दाच्या दोन अर्थांमध्ये लोंबकळत असतो. ‘हे शिकून पुढे काय?’ वैद्यकाच्या विद्यार्थ्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक असते. साहित्याच्या विद्यार्थ्यालाही फारसा विचारत नाहीत; तेथेही उत्तर ठाऊक आहे अशी लोकांची समजूत असते आणि ती बोलून दाखवणे त्यांना क्रूरपणाचे वाटत असावे. भौतिकीचा विद्यार्थी मात्र मध्येच अडकतो. त्याच्याविषयी आदर पुष्कळ असतो आणि त्याच्या भवितव्याविषयी कल्पना काहीच नसते. हुशार मुलगा, पण अभियांत्रिकीला का गेला नाही बरे, असा तो आदर असतो.

मी हे अनुभवावरून लिहितो. या नियतकालिकाच्या वाचकांत प्रयोगवहीच्या पानावर डाव्या बाजूला शिसपेन्सिलीने आकृती आणि उजव्या बाजूला शाईने निरीक्षणे लिहिलेले फार थोडे असतील. त्या थोड्यांपैकी मी एक. मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या गावी, गेल्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत, भौतिकशास्त्र हा मुख्य विषय घेऊन मी बी. एस्सी. झालो आणि त्यानंतर साहित्याकडे वळलो. ‘तीन वर्षे फुकट गेली म्हणायची’ असे दोन्हीकडच्या मंडळींनी मला वेळोवेळी ऐकवले आहे. दोन्ही विद्याशाखांचे एवढे एकमत मी इतर कोणत्याही प्रश्नावर पाहिलेले नाही.

आमची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट, काळोखी खोली होती. काळोखी असण्याचे कारण शास्त्रीय होते, प्रकाशाचे प्रयोग तेथे चालत. आणि काही अंशी ते कारण खिडक्यांच्या मोडक्या झडपा हेही होते. सोडियमचा दिवा पेटवला की प्रथम तो गुलाबी दिसे आणि मग हळूहळू पिवळा होत जाई. त्या पिवळ्या उजेडात सगळ्यांचे चेहरे मातीच्या मूर्तीसारखे एकरंगी दिसत. वर्णपटमापीच्या दुर्बिणीतून पाहिले असता तो एक पिवळा रंग खरोखर एक नाही, अगदी लगत असलेल्या दोन रेषा आहेत, एक ५८९.० नॅनोमीटरची आणि दुसरी ५८९.६ ची, हे प्रथम दिसले तो दिवस मला आठवतो. पुस्तकात ते लिहिलेलेच होते. पण पुस्तकात लिहिलेले स्वतःच्या डोळ्यांना सापडणे आणि ते केवळ वाचणे या दोहोंत जे अंतर आहे, त्याची प्रचीती साहित्याच्या वर्गात मला पुढे फार क्वचित देता आली.

आमचे पाठ्यपुस्तक इंग्रजी, व्याख्यान मराठी, आणि संज्ञा ज्याला ज्या वेळी आठवतील त्या. जुन्या पिढीतले एक प्राध्यापक विषयाला ‘पदार्थविज्ञान’ म्हणत. ‘भौतिकशास्त्र’ हे नाव त्यांना आवडत नसे. ‘भूते आमच्याकडे पाच, आणि ती तर तुम्ही सोडून दिलीत, मग भौतिक कसले?’ असे ते म्हणत. त्यांच्या टेबलामागच्या कपाटात महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची मराठी पुस्तके होती. चांगल्या कागदावरची, जाणत्या माणसांनी लिहिलेली आणि बहुधा न उघडलेली. शिक्षण आयोगाने १९६४ ते १९६६ या काळात विचार करून विद्यापीठीय शिक्षण सुमारे दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने भारतीय भाषांतून देण्याची शिफारस केली होती. त्या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, अलाहाबादला मेघनाद साहांचे विद्यार्थी. १९६१ साली स्थापन झालेल्या वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोगाचे पहिले अध्यक्षही तेच. शिफारस आणि शब्द दोन्ही एका भौतिकीच्या माणसाच्या हातून यावेत आणि तरीही ती पुस्तके कपाटात राहावीत, याचे कारण मला बरीच वर्षे कळले नव्हते. आता वाटते की कारण साधेच होते. त्या पुस्तकांवरून परीक्षा देऊन उत्तीर्ण झालेल्या मुलाला ज्या मुलाखतीस जावयाचे होते ती इंग्रजीत होती. भाषेचाही चरितार्थ असतो.

त्या संज्ञांचा माझ्यावर मात्र उलटा परिणाम झाला. ‘मोमेंटम’ म्हणजे ‘संवेग’ हे मी पाठ केले, आणि पुढे आनंद कुमारस्वामींचा १९४३ सालचा पाली ‘संवेगा’वरचा निबंध वाचताना थबकलो. बौद्ध परंपरेत संवेग म्हणजे जरा, व्याधी, मरण पाहून अंतःकरणाला बसणारा हादरा. कुमारस्वामी त्याला सौंदर्यानुभवाशी जोडतात. वस्तुमान गुणिले वेग हा संवेग आणि हा संवेग एकाच धातूपासून निघालेले, आणि परिभाषा घडवणाऱ्याने कदाचित नकळत एका शब्दात दोन्ही ठेवून दिले होते. तसेच ‘विवर्तना’चे. अरुंद फटीतून जाताना प्रकाश किंचित पसरतो, कडेशी वळतो, त्याला आमच्या पुस्तकात विवर्तन म्हटले होते. वेदान्त्यांचा विवर्त म्हणजे दोरीच्या ठिकाणी सर्प भासणे. आमचे सर दोन्ही अर्थ जाणत असत, पण वर्गात त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाहीत. अभ्यासक्रमात ते नव्हते.

येथे एक कुरकुर नोंदवून ठेवतो. आपल्या समीक्षेत गेली कित्येक वर्षे ‘अनिश्चिततेचे तत्त्व’ आणि ‘सापेक्षता’ हे शब्द मोकळ्या हाताने उधळले जातात. कवितेचा अर्थ निश्चित नसतो, म्हणून हायझेनबर्ग. प्रत्येकाचा दृष्टिकोन वेगळा, म्हणून आइन्स्टाइन. हायझेनबर्गने १९२७ साली जे मांडले त्यात ढिलेपणा मुळीच नाही. कणाचे स्थान आणि त्याचा संवेग यांतील अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरलेल्या मर्यादेखाली जाऊ शकत नाही, आणि ती मर्यादा प्लांकच्या स्थिरांकाने बांधलेली आहे, असे ते सांगते. किती ठाऊक होऊ शकत नाही हे एवढ्या काटेकोरपणे सांगणारे विधान आपल्या शास्त्रात मला अजून भेटलेले नाही. भेटले तर मी ते आनंदाने शिकवीन.

असो. प्रश्न चरितार्थाचा होता.

या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर मला चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या आयुष्यातील पहिल्या दहा नोकरीच्या वर्षांत दिसते. त्यांच्या नोबेल पारितोषिकाच्या प्रकाशात ती वर्षे झाकली जातात. रामन १९०७ साली मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून भौतिकीत एम. ए. झाले. वय अठरा. भौतिकीचे संशोधन करून पोट भरण्याची सोय त्या वेळी या देशातल्या हिंदी माणसाला जवळजवळ नव्हती. त्यांनी वित्तखात्याची स्पर्धापरीक्षा दिली, तीत ते पहिले आले आणि त्याच वर्षी सहायक महालेखापाल म्हणून कलकत्त्यास रुजू झाले. तेथे बहूबाजारात २१० क्रमांकाच्या इमारतीवर त्यांना एक पाटी दिसली. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी १८७६ साली वर्गणी जमवून उभी केलेली विज्ञानसंवर्धनाची ती संस्था. तिच्या प्रयोगशाळेला काम करणारा माणूस हवा होता. कचेरी उघडण्यापूर्वी पहाटे आणि कचेरी सुटल्यावर रात्री, असे दहा वर्षे रामन तेथे काम करीत राहिले. मध्यंतरी सरकारी नियमाप्रमाणे बदल्या झाल्या, आधी रंगूनला, मग १९१० साली आपल्या नागपूरला, आणि पुन्हा कलकत्ता. १९१७ साली आशुतोष मुखर्जींनी त्यांना विद्यापीठातील पालित प्राध्यापकपद देऊ केले, तेव्हा पगार बराच कमी होत असूनही त्यांनी वित्तखाते सोडले. १९२८ सालचा २८ फेब्रुवारी आणि १९३० सालचे नोबेल हा पुढचा भाग शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे.

या कथेचे तात्पर्य म्हणून ‘ध्येयासाठी त्याग’ असे काही फळ्यावर लिहिण्याची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. रामन यांनी हिशेबाची कामेही चोख केली असली पाहिजेत, नाहीतर ते खात्यात टिकते ना. त्या हिशेबाच्या वह्यांचा इतिहास कोणी लिहिलेला नाही. आणि दुसरे असे की, त्या प्रयोगशाळेत त्यांनी आरंभी हाती घेतले ते काय? तारांची कंपने, व्हायोलिन, आणि पुढे आपली तालवाद्ये. महागडी यंत्रसामग्री नसलेल्या, दिवसा कचेरीत बसणाऱ्या माणसाला परवडेल असे भौतिकशास्त्र ते होते. विषयाच्या निवडीत खिशाचाही हात असतो, हे शास्त्राच्या इतिहासात फारसे सांगितले जात नाही, आणि साहित्याच्या इतिहासातही नाही.

तालवाद्यांवरचे त्यांचे काम तर आपल्यासारख्यांनी अवश्य पाहावे असे आहे. ताणलेल्या साध्या चामड्यावर थाप मारली तर जे उपस्वर निघतात ते मूळ स्वराच्या पूर्णांकी पटीत नसतात, म्हणून ढोलाचा आवाज होतो पण स्वर लागत नाही. तबला आणि मृदंग मात्र स्वरात लावता येतात. याचे कारण मधोमध थरावर थर घासून बसवलेली शाई. तिच्या भाराने पडद्याची कंपने अशी बदलतात की निरनिराळे उपस्वर सरकून पूर्णांकी पटींच्या जागी येऊन बसतात. रामन यांनी १९२० साली शिवकाली कुमार यांच्यासह हे प्रसिद्ध केले. शाई भरणाऱ्या कारागिराने गणित केले नव्हते. त्याने हाताने थर दिला, ऐकले, घासले, पुन्हा ऐकले. त्याचा चरितार्थ त्या शाईवर चालत होता आणि शतकानुशतके त्याच शाईत एक सिद्धान्त, हिंदीतल्या अर्थाने, चरितार्थ होत होता.

बंगालमध्ये या दोन अर्थांची ओढाताण अधिक उघडपणे झालेली दिसते. जगदीशचंद्र बसू १८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकीचे अध्यापक झाले, तेव्हा हिंदी अध्यापकाला युरोपीय अध्यापकापेक्षा कमी वेतन देण्याची रीत होती. त्यांनी तीन वर्षे शिकवले आणि वेतन घेतले नाही. अखेर पूर्ण वेतन थकबाकीसह मिळाले. याच जगदीशचंद्रांनी १८९६ साली बंगालीत एक विज्ञानकथा लिहिली, जी पुढे त्यांच्या ‘अव्यक्त’ या संग्रहात सुधारून आली. सत्येंद्रनाथ बसूंनी १९४८ साली बंगीय विज्ञान परिषद स्थापिली आणि बंगालीतून विज्ञान सांगण्याचा आग्रह अखेरपर्यंत धरला. त्यांनाच रवींद्रनाथांनी ‘विश्वपरिचय’ हे आपले १९३७ सालचे विज्ञानपर पुस्तक अर्पण केले होते. कवीने भौतिकीवर लिहावे आणि ते भौतिकीच्या माणसाला अर्पण करावे, असा व्यवहार मराठीत घडला नाही. आपल्याकडे उलट दिशेने घडला. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर हे नाव निघते. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर भार पडू नये म्हणून त्यांनी हे केले. केंब्रिजचा खगोलशास्त्रज्ञ मराठी कथालेखकांच्या रांगेत तिकीट काढून उभा राहिला, याचे मला अजून कौतुक वाटते. ते २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या मे महिन्यात गेले. तमिळमध्ये सुजाता या टोपणनावाने लिहिणारे रंगराजन तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात भौतिकी शिकले, मग मद्रासला इलेक्ट्रॉनिक्स, आणि बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये मतदानयंत्रावर काम करता करता कादंबऱ्या लिहीत राहिले. अब्दुल कलाम त्याच महाविद्यालयातले आणि पुढे त्याच मद्रासच्या संस्थेतले. एका वर्गखोलीच्या बाकांवरून वाटा कुठे कुठे जातात ते पाहावे.

आमच्या वर्गातल्या बाकांवरून त्या एवढ्या दूर गेल्या नाहीत. आम्ही अठ्ठावीस जण होतो. सर्वांचा ठावठिकाणा मला नाही, पण जेवढा आहे त्यावरून सांगतो. पाच-सहा जण बँकांत आहेत. तिघे शाळेत विज्ञान शिकवतात; त्यांपैकी एकाची शाळा इतकी चांगली आहे की मी तेथे दोनदा मुद्दाम जाऊन बसलो. दोघे संगणकाच्या कंपन्यांत गेले, तेथे बरा पगार मिळवला, आणि ‘भौतिकीने विचार करायला शिकवले’ असे ते सांगतात. हे वाक्य मी कोणत्याही विषयाच्या पदवीधराकडून ऐकले आहे, म्हणून ते मी फार मनावर घेत नाही. एक जण हवामान खात्यात आहे, पुण्याच्या त्या दगडी इमारतीत जिला १९२८ साली मुख्यालय सिमल्याहून हलवल्यामुळे पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. भौतिकीच्या पदवीधराला खात्याने वैज्ञानिक सहायक म्हणून घेतले. तो आकड्यांत पाऊस पाहतो आणि सुट्टीत गावी गेला की आभाळाकडे पाहून काहीच बोलत नाही, असे त्याचे वडील म्हणतात. मोठ्या संशोधनसंस्थेत कोणी पोहोचले नाही. एक मुलगी पोहोचू शकली असती, एम. एस्सी.ला ती विद्यापीठात पहिली होती. तिचे लग्न झाले आणि पुढे काय झाले ते आम्हांला कोणी सांगितले नाही.

आणि एक जण, ज्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहावयास हवे. वर्णपटमापीवर माझा जोडीदार तोच होता. मी वाचन घेई, तो लिहून घेई. एम. एस्सी.नंतर त्याने भाभा अणुसंशोधन केंद्रातील किरणोत्सारविषयक भौतिकीची एक वर्षाची पदविका केली. हा अभ्यासक्रम तेथे १९६२ पासून आहे आणि भौतिकीच्या फारच थोड्या विद्यार्थ्यांना तो ठाऊक असतो. तो पुरा करणारे कर्करोगाच्या रुग्णालयांत ‘मेडिकल फिजिसिस्ट’ होतात. किरणोपचार कोणाला द्यावयाचा आणि किती, हे डॉक्टर ठरवतात. ती मात्रा शरीराच्या आत नेमक्या जागी नेमकी पडेल आणि आजूबाजूला कमीत कमी पडेल, याचा हिशेब हा माणूस करतो. रुग्णाला त्याचे नाव ठाऊक नसते.

मलाही त्याचे काम नीट ठाऊक नव्हते. २०१२ साली माझ्या आईच्या स्तनाची शस्त्रक्रिया झाली आणि पुढचे किरणोपचार ज्या रुग्णालयात व्हायचे ठरले तेथे तो होता. पन्नास ग्रे मात्रा, पंचवीस दिवसांत वाटून, रोज दोन ग्रे, आठवड्याचे पाच दिवस. यंत्र कोबाल्टचे होते. त्याने मला एका संध्याकाळी कागदावर आकृती काढून समजावले. छातीवर किरण समोरून सोडले तर ते फुप्फुसातून आरपार जातील, म्हणून ते दोन बाजूंनी तिरके, छातीच्या वक्रतेला जेमतेम घासून जातील असे सोडायचे. ‘स्पर्शिका,’ तो म्हणाला, ‘आठवते का?’ बाजू डावी होती, खाली हृदय होते. शाळेत वर्तुळाला स्पर्शिका काढताना तिचा असा उपयोग असेल हे कोणी सांगितले नव्हते, आणि सांगितले असते तरी पंधरा वर्षांच्या मुलाला ते कळले नसते.

कोबाल्टचा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. म्हणजे त्या लोखंडी पेटीतला स्रोत दर महिन्याला एक टक्क्याहून थोडा अधिक क्षीण होतो. आज जी मात्रा शंभर सेकंदांत मिळते तिला पुढच्या वर्षी याच दिवशी एकशे चौदा सेकंद लागतात. यंत्राला हे ठाऊक नसते. कोणीतरी ते मोजून, सुधारून, वहीत नोंदवावे लागते. आमच्या प्रयोगवहीतल्या ‘त्रुटीची कारणे’ या सदराखाली आम्ही दर वेळी तीच तीन वाक्ये उतरवून काढीत असू. या वहीत त्या सदराला वेगळा अर्थ होता.

आईने त्याला ओळखले. प्रॅक्टिकलच्या परीक्षेआधी तो आमच्या घरी राहायला येई, तेव्हा रात्री दोनदा चहा तिनेच करून दिलेला होता.

‘डॉक्टर झालास का रे?’ तिने विचारले.

‘नाही काकू. फिजिक्सच. ते आपलं प्रॅक्टिकलचंच काम.’

‘मग नीट मोजतोस ना?’

‘दोनदा मोजतो. आणि मग दुसरा एक जण पुन्हा मोजतो.’

तिचे समाधान झाले. पुष्कळ दिवसांनी मला कळले की तिच्या बाबतीत त्याने तो दुसरा हिशेब एका वरिष्ठाकडून, स्वतःचा आकडा न दाखवता, करवून घेतला होता. आणि पहिल्या दिवशी जाड दार बंद झाल्यावर तो नियंत्रणफलकापाशी न थांबता बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला होता. आकडे जुळले होते. तरीही तो बाहेर उभा राहिला. आई त्यानंतर सात वर्षे जगली. गेली ती वेगळ्याच दुखण्याने.

सध्या मी ज्या विद्यापीठात अतिथी म्हणून शिकवतो, तेथे इतर विभागांतील विद्यार्थ्यांना आमच्या विभागाचा एखादा अभ्यासक्रम घेता येतो. ‘भारतीय भाषांतील विज्ञानलेखन’ या माझ्या वर्गाला गेल्या वर्षी भौतिकीच्या एम. एस्सी.ची एक विद्यार्थिनी येऊन बसत असे. हिंगोली जिल्ह्यातली, वडील एस. टी.त वाहक, धाकटा भाऊ बारावीला. आवारात मराठी बोलणारा दुसरा कोणी फारसा नसल्यामुळे ती बोलायला थांबे. घरून बँकेच्या परीक्षेचे अर्ज भरावेत असा आग्रह होता. तिला संशोधन करावयाचे होते. ‘सर, खरं सांगा, पुढे काय होतं?’ असे तिने विचारले, आणि या प्रश्नाला सुविचाराने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. मी तिला हिशेब मांडून दाखवला. राष्ट्रीय पात्रता परीक्षा किंवा तत्सम एखादी प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली तर शिष्यवृत्ती मिळेल, ती भावाच्या शिक्षणाला थोडीफार पुरेल, पीएच. डी.ला पाच-सहा वर्षे; त्यानंतर परदेशात किंवा येथेच दोन-तीन वर्षांच्या तात्पुरत्या नेमणुका; कायमची जागा मिळालीच तर तोवर तिशी ओलांडलेली असेल, आणि मिळेलच असे नाही. भाभा केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत, जी १९५७ पासून चालू आहे, निवड झाली तर एका वर्षात नोकरी; पण तेथे जागांच्या मानाने अर्ज फार. बँकेत वर्षभरात पगार सुरू. रामन यांची गोष्ट मी तिला सांगितली, आणि बँकेतून सुटल्यावर रात्री काम करता येईल अशी प्रयोगशाळा आज बहूबाजारात नाही, हेही सांगितले. आजचे भौतिकशास्त्र फावल्या वेळात करता येण्याजोगे राहिलेले नाही. सैद्धान्तिक विषय घेतला तर थोडेफार येईल, पण त्यासाठी सोबत लागते, आणि सोबत विद्यापीठातच असते.

मित्राचा पत्ता मी तिला दिला. दिवाळीच्या सुट्टीत गावी जाताना ती त्याच्याकडे दोन दिवस जाऊन आली. परत आल्यावर तिने पदविकेचा अर्ज आणि पीएच. डी.च्या मुलाखतीचा अर्ज असे दोन्ही भरले; बँकेचाही भरला, वडिलांना सांगितले होते म्हणून. हे लिहीत असताना तिन्हींपैकी कशाचाही निकाल लागलेला नाही. फोनवर वडील रोज विचारतात, आणि ती त्यांना तारखा सांगते.

तिने तेथे काय पाहिले ते मात्र तिने मला सविस्तर सांगितले. रुग्णावर किरण सोडण्याआधी ते पाण्याने भरलेल्या एका टाकीवर सोडतात आणि पाण्यात निरनिराळ्या खोलीवर मापक धरून मात्रा मोजतात, कारण किरणांच्या लेखी माणूस आणि पाणी यांत फारसा फरक नसतो. त्या टाकीला सगळे ‘फँटम’ म्हणतात. माझ्या वर्गातल्या टिपणासाठी तिला हे मराठीत लिहावयाचे होते आणि शब्द सापडत नव्हता. मी ‘प्रतिदेह’ सुचवला. तो तिला पुस्तकी वाटला.

‘सरळ भूत म्हणू या ना, सर,’ ती म्हणाली. ‘नाहीतरी शास्त्र भौतिकच आहे.’

टिपणात तिने तोच शब्द ठेवला आहे.